शिंपल्याचा उन्हाळ्यातला जमाखर्च

मे महिन्यात नागपूरशेजारी कामठीजवळ कन्हान नदीच्या पात्रात उतरलं, की पाणी एका काठाला सरकलेलं असतं आणि मधे ओल्या वाळूचा पट्टा उघडा पडलेला असतो. त्या वाळूवर बोटाने ओढल्यासारख्या रेघा दिसतात. एखादी रेघ सरळ जाते, वळते, मागे फिरते, पुन्हा पाण्याच्या दिशेने निघते. रेघेच्या टोकाशी वाळू जरा फुगलेली असते. तिथे बोट घातलं की शिंपला लागतो, दोन्ही झडपा घट्ट मिटलेला. पाणी हटत गेलं तसा तो आपल्या एकुलत्या एका पायावर सरकत पाण्यामागे गेला आणि शेवटी थांबला.

मागच्या उन्हाळ्यात अशीच एक रेघ बघत बसलो होतो. शेजारी जाळं आवरत असलेले एक काका म्हणाले, "काहून जी, शिंपीत काय पाहून राह्यले?"

मी म्हटलं, "जिवंत आहे का बघतो, काका."

"जित्ती हाये ना. तोंड मिटून पडली हाये. पानी येईस्तोवर काहीच खात नाही ते."

प्राणिशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, पण शिंपल्यांच्या शरीरशास्त्रातला सगळ्यात मोठा प्रश्न इतक्या थोडक्यात मी कधी वर्गात मांडला नव्हता. ज्याचं अन्न पाण्यातून वाहत येतं आणि ज्याला पळून जाता येत नाही, त्याने तोंड कधी उघडायचं आणि कधी मिटायचं? उघडं ठेवलं तर अन्न येतं, पण त्याच पाण्याबरोबर गाळ येतो, विष येतं. मिटलं तर जीव सुरक्षित, पण मिळकत शून्य आणि घरखर्च चालूच.

या प्रश्नावर जगात सर्वांत जास्त काम झालंय ते कालवांवर. कालव म्हणजे कोकणच्या खडकांना चिकटून वाढणारा, खडबडीत कवचाचा समुद्री शिंपला. फ्रान्स, अमेरिका, जपान, चीन इथे त्याची मोठी शेती होते. पैसा गुंतलेला आहे, म्हणून मोजमापंही भरपूर आहेत. आपल्या नद्यांतला लॅमेलिडेन्स हा शिंपला त्याचा लांबचा भाऊबंद. कालव एकदा चिकटला की जन्मभर तिथेच, हा वाळूत रुतून बसतो आणि गरज पडली तर सरकतो. तो खाऱ्या-मचूळ पाण्यातला, हा गोड्या. पण दोघांचं खाण्याचं यंत्र एकाच घडणीचं आणि जमाखर्चाची रीतही एकच. म्हणून कालवाबद्दल जे कळलं आहे, त्यातलं बरंचसं कन्हानच्या वाळूत बसूनही समजून घेता येतं.

आणि नागपूर समुद्रापासून कितीही लांब असलं, तरी शिंपल्यांशी या भागाचं नातं फार जुनं आहे. ज्यांच्या नावाने आपलं हिस्लॉप कॉलेज आहे, त्या मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी शहराजवळच्या टाकळीसह मध्य भारतातल्या अनेक ठिकाणांहून लाव्हाच्या दोन थरांमध्ये दडलेले गोड्या पाण्यातल्या शंख-शिंपल्यांचे जीवाश्म जमवले आणि १८६० साली त्यांची वर्णनं प्रसिद्ध केली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा वाहत होता, त्या काळातले हे अवशेष. दोन उद्रेकांच्या मधे जेव्हा जेव्हा शांतता मिळाली, तेव्हा इथे तळी साचली आणि तळ्यांत जीव राहू लागले.

आता यंत्राकडे वळू. आम्ही विद्यार्थी होतो तेव्हा शिंपल्याच्या कल्ल्याचा नखाएवढा तुकडा काचेच्या बशीत पाण्यात ठेवून त्यावर कार्माईनची लाल पूड चिमूटभर टाकायचो. तुकडा शरीरापासून वेगळा झालेला, मेंदू नाही, हृदय नाही, तरी भिंगाखाली ते लाल कण मुंग्यांसारखे रांगेने एका कडेकडे चालत जायचे. महाविद्यालयांतलं विच्छेदन आता जवळपास बंद झालंय आणि ते चांगलंच झालं, पण ती लाल रांग माझ्या डोळ्यांसमोरून गेलेली नाही. कण चालवत होते ते कल्ल्यावरचे सूक्ष्म केस. पाठ्यपुस्तकात त्यांना पक्ष्माभिका म्हणतात.

नागपूरकराला हे समजवायला कूलरसारखी दुसरी वस्तू नाही. कूलरचा पंखा हवा ओढतो, हवा ताट्यांतून येते आणि धूळ ताटीला चिकटून राहते. शिंपल्यात पंखा आणि ताटी दोन्ही म्हणजे कल्लाच. कल्ला असंख्य बारीक तंतूंचा बनलेला असतो. तंतूच्या बाजूचे केस लाटेसारखे हलून पाणी आत ओढतात. त्यांच्या शेजारचे लांब केस कण अडवतात. पुढच्या बाजूचे केस अडवलेला कण चिकट द्रावाबरोबर पन्हळीसारख्या खाचेत नेऊन सोडतात आणि ती खाच तोंडाशी जाते. कूलरला ताटीवरची धूळ नको असते, शिंपल्याला तीच हवी असते. शिवाय त्याच पाण्यातून ऑक्सिजनही घ्यायचा असतो. म्हणजे हा कल्ला त्याचं नाकही आहे आणि जेवणाचा हातही. हे लक्षात ठेवायला हवं, कारण तोंड मिटलं की एकाच वेळी जेवणही बंद होतं आणि श्वासही.

कालवाचा कल्ला पाच-सहा मायक्रॉनपेक्षा मोठे कण चांगले पकडतो, त्याहून बारीक असतील तसे ते निसटत जातात. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड धरला, तर त्याच्या बाराव्या हिश्श्याएवढा कण. एकपेशीय शेवाळं याच मापात बसतात आणि तेच त्याचं मुख्य अन्न.

इंटरनेटवर "एक कालव दिवसाला दोनशे लिटर पाणी स्वच्छ करतो" असं वाक्य सगळीकडे फिरतं. तो आकडा मोठ्या, धडधाकट कालवाचा आहे आणि सगळं मनासारखं असलेल्या पाण्यातला आहे. समुद्रात प्रत्यक्ष होणारं काम त्याहून बरंच कमी असतं, आणि मुख्य म्हणजे ते रोज वेगळं असतं. आपल्याला समजून घ्यायचं आहे ते हे रोजचं वेगळेपण.

पहिलं कारण गाळ. अडवलेलं सगळंच पोटात जात नाही. तोंडाच्या दोन्ही बाजूंना पाकळ्या असतात आणि त्या सुपाने धान्य पाखडावं तसं काम करतात. दाणा ठेवायचा, कोंडा उडवायचा. नको असलेले कण चिकट द्रावात गुंडाळून, पोटात न घेताच बाहेर टाकले जातात. याला छद्मविष्ठा म्हणतात. दिसते विष्ठेसारखी, पण पचनातून गेलेलीच नसते. आता विदर्भातला पहिला पूर आठवा. काळ्या मातीचं दाट पाणी, हात बुडवला तर बोटं दिसत नाहीत. अशा पाण्यात शेवाळ नसतं असं नाही, पण एका मूठ दाण्यामागे पोतंभर कोंडा पाखडावा लागतो. चिकट द्राव फुकट तयार होत नाही, त्याला शरीरातली प्रथिनं आणि साखर खर्चावी लागते. मेहनत दहापट आणि पदरात पडलेले दाणे तेवढेच. गाळ एका मर्यादेपलीकडे गेला, की पाखडत बसण्यापेक्षा झडपा मिटून घेणं परवडतं.

दुसरं कारण पोटाची मर्यादा. अन्न दुप्पट झालं म्हणजे खाणं दुप्पट होत नाही. पंगतीत वाढपी कितीही भरभर फिरला तरी जेवणारा एका वेळी एकच घास गिळतो. कॅनडाचे शास्त्रज्ञ हॉलिंग यांनी १९५९ साली ही गोष्ट फार साध्या प्रयोगाने दाखवली. टेबलावर सँडपेपरच्या चकत्या टाचणीने लावल्या, सहायकाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि चाचपून सापडेल ती चकती उचलायला सांगितलं. चकत्या विरळ होत्या तेव्हा शोधण्यातच वेळ जाई. दाट केल्या तशी उचललेल्या चकत्यांची संख्या आधी झपाट्याने वाढली, मग मंदावली, कारण आता वेळ शोधण्यात जात नव्हता, उचलून बाजूला ठेवण्यात जात होता. शिंपल्याचं खाणंही याच वळणाने जातं. त्यामुळे अभ्यासक एक आकडा काढतात: पाण्यात अन्न किती असलं म्हणजे प्राणी आपल्या कमाल वेगाच्या निम्म्याने खातो? पाणी गढूळ असेल तर हा आकडा वर जातो. अन्न तेवढंच असूनही पोट अर्धंच भरतं.

पोटातलं यंत्रही सांगण्यासारखं आहे. जठरात काचेसारखी पारदर्शक, लवचीक दांडी असते. ती केसांच्या जोरावर स्वतःभोवती फिरत राहते, तिचं टोक एका कडक पट्टीवर घासतं, आणि झिजता झिजता तिच्यातून पाचक रस सुटतात. ताज्या शिंपल्यात ती अखंड सापडायची. पाण्याबाहेर काही तास राहिलेल्या शिंपल्यात मात्र ती विरघळून नाहीशी झालेली असायची. जेवण येणार नसेल तर चूलसुद्धा मोडून ठेवायची, अशी ही काटकसर.

आता वहीचं पान उलटू. डच शास्त्रज्ञ बास कोइमान १९७९ पासून एका सिद्धांतावर काम करत आले. त्याला मराठीत जिवंत शरीराचं बदलतं ऊर्जा-अंदाजपत्रक म्हणता येईल. आज कालवांवरचा बराच अभ्यास याच चौकटीत होतो. कल्पना अशी, की खाल्लेलं अन्न पचलं की थेट खर्चायला जात नाही, आधी साठ्यात जमा होतं. पगार बँकेत येतो तसं. साठ्यातून रोज काही ऊर्जा बाहेर निघते आणि तिचे दोन वाटे होतात. एका वाट्यातून आधी शरीराचा घरखर्च भागवायचा आणि उरेल त्यातून वाढायचं. दुसऱ्या वाट्यातून आधी वयात यायचं आणि वयात आल्यावर अंडी किंवा शुक्रपेशी तयार करायच्या. पहिल्या वाट्याचं प्रमाण दाखवायला त्यांनी जे ग्रीक अक्षर घेतलं त्याचं नाव कप्पा. मराठी माणसाला हे नाव ऐकताच नियम अर्धा कळतो. पैसे आले की दोन कप्प्यांत टाकायचे, आणि एका कप्प्यातले दुसऱ्यात हलवायचे नाहीत.

घरखर्च म्हणजे काय, तर केस हलवणं, हृदय चालवणं, जुनी प्रथिनं मोडून नवी बनवणं, पेशींच्या आतबाहेरच्या क्षारांचा तोल सांभाळणं. शिंपला काहीच करत नाहीये असं दिसतं तेव्हाही हे चालू असतं. आणि इथे भूमितीची एक अडचण आहे. अन्न येतं कल्ल्याच्या पृष्ठभागातून, खर्च होतो सगळ्या अंगासाठी. शिंपल्याची लांबी दुप्पट झाली तर कल्ल्याचं क्षेत्रफळ चौपट होतं, पण अंगाचं घनफळ आठपट. मिळकत चौपट, घरखर्च आठपट. म्हणून लहान शिंपला भराभर वाढतो, मोठा रडतखडत, आणि एका आकाराला आल्यावर पहिल्या कप्प्यात वाढीसाठी काही उरतच नाही. त्या पाण्यात मिळणाऱ्या अन्नाने तो आकार ठरतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत तसं.

दुसरा कप्पा किती मोठा असतो हे कालवाकडे बघून कळतं. विणीच्या आधी प्रशांत महासागरी कालवाच्या मांसाचा निम्म्याहून जास्त भाग निव्वळ अंडी किंवा शुक्रपेशींचा होऊ शकतो. एक मादी कोट्यवधी अंडी पाण्यात सोडते. त्यानंतरचा कालव पातळ, पाणीदार, साठा संपलेला असतो. युरोपात जुनी रीत आहे की ज्या महिन्यांच्या इंग्रजी नावात 'आर' नाही, म्हणजे मे ते ऑगस्ट, त्या महिन्यांत कालव खाऊ नये. तो तिथला विणीचा काळ. व्यापाऱ्यांनी यावर तोडगा काढला तो गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असलेल्या कालवांचा. हे जवळजवळ वांझ असतात, दुसऱ्या कप्प्याचा खर्च फारसा होत नाही, म्हणून भर उन्हाळ्यातही मांसल राहतात.

एवढी तयारी झाली की उन्हाळ्याचं कोडं सुटायला लागतं.

शिंपल्याला स्वतःचं तापमान राखता येत नाही. पाणी जितकं गरम, तितकं त्याचं अंग गरम, आणि अंगातल्या रासायनिक क्रिया दर दहा अंशांमागे ढोबळमानाने दुप्पट-अडीचपट वेगाने होतात. गारठ्यातून उबदार पाण्यात येताना हे फायद्याचं ठरतं. केस जोरात हलतात, जास्त पाणी ओढलं जातं, जास्त अन्न येतं. पण केसांच्या हालचालीला शिखर आहे. फ्रान्समध्ये प्रशांत महासागरी कालवांवर केलेली मोजमापं १९९५ साली प्रसिद्ध झाली. पाण्याचं तापमान ५ ते ३२ अंश सेल्सिअसपर्यंत बदलून बघितलं. पाणी गाळण्याचा वेग १९ अंशांच्या आसपास सर्वांत जास्त होता, पुढे तो उतरत गेला. श्वसन, म्हणजे खर्चाचा आकडा, मात्र चढतच राहिला.

हे चित्र मला फार महत्त्वाचं वाटतं. कागदावर दोन रेषा काढा. मिळकतीची रेषा टेकडीसारखी वर जाऊन खाली येते, खर्चाची रेषा चढावर थांबायला तयार नाही. दोन्हींमधली फट म्हणजे शिंपल्याची बचत. त्यातून वाढ, त्यातून पिल्लं. शिखराच्या पुढे प्रत्येक अंश दोन्ही बाजूंनी फट कमी करतो. आणि दोन्ही रेषा जिथे एकमेकींना छेदतात, त्यापुढे तो साठ्यातून खातो. आपल्या उष्ण किनाऱ्यावरच्या कालवांचं शिखर फ्रान्सपेक्षा वरच्या तापमानाला येतं, पण रेषांचे आकार हेच. आजूबाजूला भरपूर शेवाळ असूनही शिंपला उपाशी मरू शकतो, ही गोष्ट माझ्या विद्यार्थ्यांना कधी पटकन पटत नसे. मग मी त्यांना नवतपातलं, म्हणजे मे अखेरच्या भाजून काढणाऱ्या दिवसांतलं, विजेचं मीटर आठवायला सांगायचो. पगार तोच, कूलर चोवीस तास चालू, मीटर पळतंय.

त्यात ऑक्सिजनची भर. २० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३५ अंशांच्या पाण्यात जेमतेम ७. गरज वाढते तेव्हाच पुरवठा घटतो. अंबाझरी किंवा फुटाळ्यासारख्या शहरी तलावात आणखी एक गोष्ट घडते. सांडपाण्यातल्या पोषक द्रव्यांवर हिरवं शेवाळ माजतं, दिवसा ते ऑक्सिजन सोडतं, पण रात्री तेच श्वास घेऊ लागतं. पहाटेच्या वेळी तळाशी ऑक्सिजन अगदी कमी उरतो आणि शिंपले राहतात तळाशीच. जलपर्णीने पृष्ठभाग झाकला तर खाली प्रकाशही नाही आणि वाराही नाही.

मग तोंड मिटणं. शिंपल्याच्या झडपा ओढून धरणाऱ्या स्नायूत एक अद्भुत सोय आहे. त्याचा एक भाग झडप पटकन बंद करतो, दुसरा भाग ती बंद स्थितीत जणू कडी लावून ठेवतो. आपण वजन उचलून धरलं तर हात दुखायला लागतो, कारण स्नायू सतत ऊर्जा जाळत असतो. या दुसऱ्या भागाला मात्र धरून ठेवायला जवळजवळ काहीच लागत नाही. मिटल्यावर हृदयाचे ठोके मंदावतात, केस थंडावतात, पचनाची दांडी विरघळते. घरखर्च कमीत कमी होतो, शून्य होत नाही. तो भागवायला ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, ऑक्सिजनशिवाय मोडावी लागते. ऑक्सिजन असताना साखरेच्या एका रेणूपासून ऊर्जेची तीसेक नाणी मिळतात. नसताना नेहमीच्या मार्गाने दोनच. शिंपल्यांकडे आडवाटा आहेत, त्यांतून थोडी जास्त निघतात, तरी साठा भराभर उपसला जातोच. शिवाय आत आम्ल साचतं आणि ते मारायला कवचाचा चुना आतून थोडा विरघळवावा लागतो. स्वतःच्याच घराची भिंत खरवडून औषध करावं तसं.

म्हणूनच गारव्यात मिटलेला कालव ओलसर ठेवला तर पाण्याबाहेर आठवडेच्या आठवडे जगतो आणि उन्हात ठेवलेला लवकर तोंड वासतो. साठा तेवढाच, मीटरचा वेग वेगळा. कन्हानच्या वाळूतला तो शिंपला डिसेंबरात अडकला असता तर त्याच्याकडे वाट बघायला कितीतरी जास्त दिवस होते. वाळूत खोल शिरणं हीही त्याची काटकसरच. वरची वाळू पोळत असताना वीतभर खाली ती ओली आणि बरीच गार असते.

पाऊस आला म्हणजे सुटका झाली, असं आपल्या शिंपल्याबाबत म्हणता येईल. कालवाबाबत नाही. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की त्यांना पाणी सुटतं. पाणी कमी क्षारांकडून जास्त क्षारांकडे जातं. कालवाचं रक्त बाहेरच्या समुद्राइतकंच खारट असतं. खाडीत पुराचं गोडं पाणी घुसलं तर उलटं घडतं, पाणी त्याच्या पेशींत शिरतं आणि त्या फुगायला लागतात. तो आधी झडपा मिटतो. गोडेपणा टिकला तर पेशींत साठवलेली अमिनो आम्लं सोडून देऊन आतला दाटपणा कमी करतो, म्हणजे कष्टाने मिळवलेला माल तोल सांभाळण्यासाठी बाहेर टाकतो. भरती-ओहोटीपुरतं हे चालतं. महिनोन् महिने नाही. २०१९ साली मिसिसिपी नदीच्या पुरामुळे लुइझियानातल्या बोने कॅरे सांडव्याचे दरवाजे एकाच वर्षात दोनदा उघडावे लागले, एकूण १२३ दिवस. शेजारच्या मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्यावरचे बहुतेक कालव त्या गोड्या पाण्यात मेले. त्यात गरम पाण्याचे महिनेही होते, म्हणजे मिटून बसायचं आणि मीटर जोरात पळतंय, अशा दुहेरी कात्रीत ते सापडले.

आपल्या शिंपल्याची अडचण बारमाही आहे. गोड्या पाण्यापेक्षा त्याचं रक्त खारट, म्हणून पाणी सारखं अंगात शिरत असतं. ते बाहेर टाकायचं आणि क्षार आत ओढायचे, हा पंप दिवसरात्र चालतो. त्याने शोधलेला उपाय मला फार हुशारीचा वाटतो. त्याने रक्तच अगदी पातळ करून टाकलं. प्राण्यांमध्ये इतकं कमी क्षारांचं रक्त फार थोड्यांचं आहे. आतबाहेरचा फरक कमी, म्हणून पंपाचं बिलही कमी.

हवेत वाढलेला कार्बन डायऑक्साइड समुद्रात विरघळून पाणी आम्लाकडे झुकतंय, त्याचा हिशोबही याच वहीत मांडता येतो. मोठ्या कालवाला कवच बनवायला थोडी जास्त ऊर्जा लागते, तो ती कशीबशी भागवतो. खरी कसोटी पिल्लाची. अंड्यातून निघाल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत त्याला पहिलं कवच बांधायचं असतं, आणि तेव्हा त्याला नीट खाता येत नाही. आईने अंड्यात घातलेली शिदोरी एवढंच भांडवल. पाणी आम्ल असेल तर तेच कवच महाग पडतं आणि शिदोरी आधी संपते. २००७-०८ च्या सुमारास अमेरिकेच्या ओरेगॉन किनाऱ्यावरच्या बीज-केंद्रांत पिल्लं मोठ्या संख्येने मरू लागली. सुरुवातीला जंतूंवर संशय होता. मग लक्षात आलं की खोल समुद्रातलं आम्ल पाणी वर येतं, त्या दिवसांत ओढलेल्या पाण्यातली पिल्लं वाचत नाहीत. तिथे आता पाणी आत घेण्याआधी तपासतात आणि त्यात सोडा मिसळून त्याचा आम्लपणा कमी करतात.

झडप उघडी की मिटलेली, ही एवढी साधी गोष्ट माणसांनी कामालाही लावली आहे. पोलंडची राजधानी वॉर्सा इथे पिण्याच्या पाण्याच्या केंद्रात आठ गोड्या पाण्यातले शिंपले राखणदार म्हणून ठेवतात. प्रत्येकाच्या कवचावर छोटा संवेदक बसवलेला असतो आणि नदीचं पाणी त्यांच्यावरून वाहत राहतं. एखादा मिटला तर दुर्लक्ष करतात, कारण विश्रांती प्रत्येकालाच लागते. बरेचसे एकदम मिटले तर धोक्याची घंटा वाजते. काही महिन्यांनी त्यांना परत पाण्यात सोडून देतात आणि नवे आणतात. आपलं पाणी पेंच-कन्हानमधून येतं. तिथेही हेच राखणदार वाळूत बसलेले आहेत, फक्त त्यांच्या झडपांकडे बघणारं कुणी नाही, याची मला खंत आहे.

माझ्या टेबलावर आजीची शिंपी आहे. तिने ती दगडावर घासून बिजागरीजवळच्या फुगीर भागाला भोक पाडलं होतं, त्या भोकाच्या धारेने ती उन्हाळाभर लोणच्याच्या कैऱ्या सोलायची. शिंपल्याची वाढ थांबते तेव्हा कवचावर गडद कडी उमटते, पुन्हा सुरू होते तेव्हा फिका पट्टा. फुगीर भाग हा कवचाचा सर्वांत जुना भाग, म्हणजे भोक पडलं ते नेमकं त्या शिंपीच्या लहानपणावर. त्याच्या बाहेर दोन पट्टे चांगले बोटाच्या पेराएवढे रुंद आहेत. पुढचे अरुंद होत जातात. एक पट्टा मधेच एकदम बारीक आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या कड्या जवळजवळ एकमेकींना चिकटल्या आहेत, त्या वर्षी वाढीच्या कप्प्यात काही पडलंच नव्हतं. त्यानंतर पुन्हा थोडी उसंत दिसते. आणि काठाशी आल्यावर शेवटच्या चार कड्या मिळून माझ्या नखाच्या जाडीत बसतात.